न केलेल्या कामाचे आभार

मार्च महिना लागला की मेर्वीच्या अंगात साफसफाई संचारायची. घरातली नव्हे, ऑफिसातली. आणि तीही टेबलखुर्च्यांची नव्हे, तर कंप्युटरमध्ये वर्षानुवर्षं साठत गेलेल्या अडगळीची. मेर्वी कंपनीची मालकीण, त्यामुळे तिला आवर घालणारं कोणी नव्हतं. सोमवारी सकाळी कॉफीचा मग हातात धरून ती सगळ्यांसमोर उभी राहायची आणि कशाकशाला नारळ द्यायचा ते सांगायची.

"आभाराचं बटण," त्या सोमवारी ती म्हणाली. "हेल्का, ते तू काढ."

तांपेरे शहरातल्या एका जुन्या कापडगिरणीत, लाल विटांच्या इमारतीत त्यांचं ऑफिस होतं. खिडकीखालून नदीचा ओघ वर्षभर खळाळत असायचा, बाकी सगळं गोठलं तरी. कंपनी तळ्यांवरच्या बर्फाचा नकाशा चालवायची. बर्फात ठिकठिकाणी रोवलेली यंत्रं जाडी मोजून पाठवत आणि नकाशा त्याप्रमाणे रंग दाखवी. हिरवं दिसलं तर खुशाल चाला, लाल दिसलं तर काठावरच थांबा. नकाशात काही चुकलं तर लोक कंपनीच्या बग ट्रॅकरवर कळवत, आणि कंपनीतलं कोणीतरी ती चूक दुरुस्त करून तशी खूण करी. हा ट्रॅकर कंपनीतल्या जुन्या प्रोग्रॅमरने, इल्पोने, फार पूर्वी घरच्या घरी बनवलेला होता. नकाशा आणि ट्रॅकर असे दोन्ही त्याने एकाच पसाऱ्यात रचले होते. एकाची नवी आवृत्ती बाहेर पडली की दुसऱ्याचीही पडायची.

हे बटणही इल्पोच्याच डोक्यातून निघालेलं. चूक दुरुस्त झाली की ती कळवणाऱ्याला एक बटण दिसे. ते दाबून त्याने दोन ओळी लिहिल्या, की दुरुस्त करणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या पडद्यावर झळके आणि पडद्याशेजारी ठोकलेली सायकलची घंटी एकदा वाजे. मग बाकीच्यांनी खालच्या बेकरीतून दालचिनीचे पाव आणून त्या माणसाला खिलवायचे, असा रिवाज. कल्पना गोड होती, पण बटण दाबणार कोण? इथे काम नीट झालं तर त्याबद्दल गप्प राहणं हीच सभ्यता. घंटीवर धूळ बसली होती.

"खरंच कोणी वापरत नाही?" हेल्काने उगाच विचारलं.

"वापरणारं एक माणूस दाखव," मेर्वी म्हणाली. "एक नाव सांग मला, मी बटणाला हात लावणार नाही."

हेल्का तशी काटेकोर बाई. एखादी गोष्ट काढण्याआधी ती कोणाच्या पायात येत नाही ना, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तिने जुने आभार उघडून पाहिले. बरेचसे इल्पोने स्वतःच बटण चालतंय का बघायला दाबलेले होते. उरले थोडेसेच, आणि त्यांत काहीतरी खटकत होतं. त्यांतला प्रत्येक निरोप अशा चुकीबद्दल होता, जी त्या दिवशी दुरुस्त झालेलीच नव्हती. दुरुस्ती झाली होती नंतर. आणि आभार मानणाऱ्यांची नावं वापरणाऱ्यांच्या यादीत कुठेच नव्हती.

इल्पोने काहीतरी घोळ घातलाय, असं म्हणत तिने एक दुरुस्त न झालेली चूक उघडली आणि बटण शोधलं. बटण नव्हतं. दुसरी उघडली, तिथेही नाही. मागच्या दाराने, पुढच्या दाराने, सगळ्या वाटा तिने तपासून पाहिल्या. दुरुस्तीआधी आभार मानायची सोयच नव्हती.

दुपारी ती इल्पोला घेऊन तामेलाच्या बाजारात गेली. उन्हात उभं राहून दोघं काळं सॉसेज खात होते, वर लिंगनबेरीचा मुरंबा, सोबत थंडगार दूध. इल्पो निवृत्तीला टेकलेला, पण खाण्याच्या बाबतीत अजून कॉलेजातला.

"इल्पो, तुझ्या त्या बटणात एक बग आहे."

"नाहीये."

"अरे, आधी ऐक तरी."

"ते आभार ना? काम व्हायच्या आधी आलेले?" त्याने बोटं पुसली. "तो बग नाही गं. तुला सांगतो, पण मेर्वीच्या कानावर घालू नकोस. म्हणेल, म्हातारा कामातून गेला."

"म्हणतेच ती. बोल तू."

"एका हिवाळ्यात कोणीतरी कळवलं होतं, की कडाक्याच्या थंडीत नकाशा अडकतो आणि माणूस आहे त्याच्या मागची जागा दाखवतो. मी म्हटलं, बघू सावकाश. आणि दोन-चार दिवसांनी घंटी वाजली. 'आभार, इल्पो. आम्ही दोघीही पोचलो.' झालं, यांनी पाव आणले, टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, कोणीतरी माझी फिरकी घेतंय."

"मग?"

"मग काय, पाव खाल्ला. गरम होता, छान होता, पण घशाखाली उतरेना. न केलेल्या कामाचं कौतुक, हेल्का. आपल्याला केलेल्याचं पचत नाही, तिथे हे कसं पचावं? बसलो, आणि ती चूक दुरुस्त करूनच उठलो. ज्याच्या ज्याच्या नावाने घंटी वाजली, त्या सगळ्यांनी तेच केलं. शरमेपोटी."

"आणि त्या दोघी? त्यांचं पुढे काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच झालं नाही." इल्पो दुधाच्या पेल्यात बघत राहिला. "त्या हिवाळ्यात तिथे कोणी वाट चुकलं नाही, कोणी गारठून मेलं नाही. जे झालंच नाही, ते मी शोधू कुठे?"

हेल्काने हसून विषय बदलला. गुरुवारी सकाळपर्यंत तिने बटण काढून टाकलं, त्याच्यामागचा सगळा पसारा आवरला आणि ते काम बाकीच्यांच्या कामात मिसळून दिलं. आता फक्त नवी आवृत्ती लोकांपर्यंत सोडायची बाकी होती. ती सोमवारी सुटणार होती. हेल्का उठून कॉफी ओतायला निघाली आणि भिंतीवरची घंटी वाजली.

नुसतं एकदा, ट्रिंग. गल्लीत कोणी मुलगी सायकल घेऊन आडवी यावी, तसं.

सगळ्यांनी माना वर केल्या. पडद्यावर अक्षरं उमटली होती.

"आभार, हेल्का. बाबा घरी आले. — तुइके वेल्लामो."

"बघा, जाता जाता वाजली," मेर्वी खूश होऊन म्हणाली. "कोण गं ही तुइके वेल्लामो?" आणि उत्तराची वाट न बघता ती पाव आणायला खाली गेलीसुद्धा.

हेल्काने यादीत शोधलं. त्या नावाचं कोणी नव्हतं. मग तिने आभार कोणत्या चुकीबद्दल आहेत ते उघडून पाहिलं, आणि ती तशीच खुर्चीत बसली. चूक शरद ऋतूत कोणीतरी कळवली होती. हौकीला, तळं चिंचोळं होतं तिथलं यंत्र कधीकधी बंद पडतं, नवा आकडा येत नाही, आणि नकाशा मात्र जुनाच आकडा आजचा म्हणून हिरवा दाखवत राहतो. खाली हेल्कानेच उत्तर दिलं होतं: दोष यंत्राचा आहे, आमचा नाही. आणि प्रकरण बंद केलं होतं.

हौकीची ती चिंचोळी वाट, वर रस्त्याचा पूल, खाली ओढ असलेलं पाणी. तिचे वडील ताउनो दर शनिवारी तिथेच बर्फाला भोक पाडून पर्च मासे धरायला बसायचे.

तिने फोन लावला.

"बाबा, या शनिवारी जाऊ नका हं तळ्यावर."

"का गं? बर्फ चांगला आहे."

"मार्च आहे. खालून खातं पाणी."

"मला शिकव आता." ते खोकले, की हसले, कळलं नाही. "अगं पोरी, नकाशात हिरवं आहे. तूच तर फोनमध्ये घालून दिलंस. पूर्वी पहार घेऊन ठोकत ठोकत जायचो, तेव्हा तूच म्हणायचीस, बाबा आता कशाला ते."

 हेल्का खरंच म्हणाली होती तसं.

"का, तुझा नकाशा खोटा आहे का?" त्यांनी विचारलं.

"तेवढ्या एका जागी असेल, बाबा."

"असेल की आहे?"

"माहीत नाही."

"माहीत झालं की सांग," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. हा माणूस 'असेल'वर कधी घरात बसलेला नव्हता.

मेर्वीने पाव आणले. हेल्काने आपला पाव हातात घेतला, हुंगला आणि बशीत परत ठेवला. इल्पोने ते पाहिलं. तो आपली खुर्ची उचलून तिच्या शेजारी घेऊन आला.

दोघांनी मिळून गुरुवार आणि शुक्रवार त्या कामात घातला. काम तसं फार नव्हतं. यंत्राकडून नवा आकडा आला नाही, तर जागा हिरवी ठेवायची नाही, राखाडी करायची, आणि जवळपास असलेल्या प्रत्येक फोनला जोरात ओरडायला लावायचं. पण जिवाशी गाठ असल्यामुळे प्रत्येक ओळ चार-चारदा तपासली. शुक्रवारी दुपारी ते मेर्वीपुढे उभे राहिले. शुक्रवारी नवी आवृत्ती सोडायची नाही, हा तिचा कायदा होता. सोडली की शनिवार-रविवार बोंबा मारत लोकांचे फोन येतात.

मेर्वीने हेल्काच्या तोंडाकडे पाहिलं. "सोड," ती म्हणाली.

"एकच अडचण आहे," इल्पो म्हणाला. "बटण काढल्याचं काम यात मिसळलंय. ते वेगळं काढायचं तर सगळं पुन्हा तपासावं लागेल. सोमवार उजाडेल."

"मग जाऊ दे की बटण. जायचंच होतं."

 हेल्काने आवृत्ती सोडली. बटण गेलं, जुने आभार गेले, तुइके वेल्लामोचा निरोपही त्यांच्याबरोबर पुसला गेला. मेर्वीने घंटी उतरवून खणात टाकली.

शनिवारी सकाळी हेल्का गाडी काढून तेइस्कोला वडिलांच्या घरी पोचली. अंगणात त्यांची गाडी होती. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीला पहार टेकून उभी होती, गंजलेली. ढकलायची घसरगाडी मात्र जागेवर नव्हती.

ती तशीच तळ्याकडे धावली.

ऊन लख्ख होतं. बर्फ इतका पांढरा की डोळे मिटावेसे वाटत होते. दूर पुलाच्या बाजूला दोन ठिपके दिसत होते. तिने फोन काढला. सकाळपर्यंत हिरवी असलेली हौकीची जागा राखाडी झाली होती.

एक ठिपका उभा राहिला. तो काठाकडे यायला निघेल म्हणून ती बघत राहिली. तो उलट पुलाकडे, दुसऱ्या ठिपक्याकडे चालायला लागला.

तिने हाक मारली. वारा तिच्याकडेच येत होता. हाक कुठेच गेली नाही.

मग दोन्ही ठिपके एकत्र आले. आणि काठाकडे वळले.

त्यांना यायला किती वेळ लागला, ते तिला कधीच सांगता आलं नसतं.

पुढे ताउनो, घसरगाडी ढकलत. मागे एक तरुण दाढीवाला, रिकाम्या हातांनी.

"तुझा नकाशा असा काय किंचाळतो?" ताउनो लांबूनच म्हणाले. "सगळे मासे पळाले. आणि राखाडी म्हणजे काय ते?"

"राखाडी म्हणजे आम्हाला माहीत नाही, बाबा."

"हं. कबूल केलंत ते बरं केलंत." त्यांनी मागे अंगठा दाखवला. "हा कास्पेरी, त्या पिवळ्या घरातला नवा शेजारी. पार पुलाखाली जाऊन बसला होता, कानात गाणी घालून, फोनात नकाशाही नाही. हाका मारून घसा बसला माझा. शेवटी मासा फेकून मारला."

कास्पेरी हसायला लागला आणि हसता हसता त्याने मागे वळून पाहिलं. तिघांनीही पाहिलं.

पुलाखाली त्याचं स्टूल अजून होतं. त्याच्याभोवतीचा बर्फ हळूहळू काळा पडत होता.

काहीच आवाज नव्हता.

स्टूल एका बाजूला कललं. मग ते तिथे नव्हतं.

स्वयंपाकघरात ताउनोंनी कॉफी ओतली. कास्पेरीने कप टेबलावरच ठेवून दोन्ही हातांनी वेढला. घरी बायको आहे, वेन्ला, आणि तीन आठवड्यांची मुलगी, असं त्याने आपण होऊन सांगितलं.

"नाव काय मुलीचं?" हेल्काने विचारलं.

"असं विचारतात का गं?" ताउनो करवादले. "बाप्तिस्मा व्हायचाय अजून, त्याआधी नाव सांगत नाहीत. शहरात राहून रीतभात विसरलीस."

"पहिलं नाव ठरलंय," कास्पेरी ओशाळून म्हणाला. "दुसरं अजून सुचत नाहीये. तुम्ही दोघांनी बाप्तिस्म्याला यायचं. यायचंच."

तो गेल्यावर ताउनो मासे तळायला लागले. हेल्का टेबलाशी बसून त्यांच्या पाठीकडे बघत होती; स्वेटरचं कोपर फाटलेलं, पट्टा एका बाजूने सुटलेला. तिला रडू आलं. तिने ते आवरलं नाही.

"काय झालं?" ते न वळता म्हणाले.

"काही नाही, बाबा. काहीच झालं नाही."

ती मनात त्या अनोळखी नावाचे आभार मानत राहिली. कोण होती, कशी लिहून गेली, विचारायला जागाही उरली नव्हती. पण बाबा घरी आले होते, मासे मीठ जास्त घालून तळत होते, आणि ती तेवढ्यावर तृप्त होती.

बाप्तिस्मा झाला तेव्हा तळं मोकळं झालं होतं. पिवळ्या घराच्या बैठकीत वीसेक माणसं कोंबून बसली होती. टेबलावर पाण्याचं भांडं, शेजारी मेणबत्ती. वेन्लाच्या हातात बाळ, त्याच्या आजीच्या आजीपासून चालत आलेला लांब पांढरा झगा घातलेलं. ताउनोंनी कोट घातला होता आणि स्तोत्र एक सूर खाली म्हटलं. सगळ्यांचं लक्ष त्या एकाच क्षणाकडे लागलेलं, जेव्हा नाव पहिल्यांदा कानावर पडतं.

पाद्रीणबाईंनी विचारलं, "काय नाव ठेवलं आहे बाळाचं?"

"तुइके वेल्लामो," वेन्ला म्हणाली.

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. हेल्का समोरच्या भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. पाद्रीणबाईंनी त्यात हात बुडवला.

नंतर कॉफी आणि केकच्या गर्दीत कास्पेरी तिच्यापाशी आला. "तुइके आधीच ठरलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "वेल्लामो त्या शनिवारी रात्री ठरवलं. पाण्याच्या देवतेचं नाव ना, आणि पाण्याने मला परत पाठवलं. आम्ही दोघांनी कोणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा आजच कळलं."

घंटी गुरुवारी वाजली होती.

"घेऊ का तिला?" हेल्काने विचारलं.

बाळ झोपलं होतं. दुधाचा वास येत होता. त्या निरोपातले बाबा तिचे नव्हते, हे हेल्काला आत्ता कळत होतं. ते या मुलीचे होते. आणि या मुलीने आपल्या बाबांबरोबर हेल्काचेही बाबा परत आणून दिले होते. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

"आभार मी मानायचे गं," ती म्हणाली. "तुझे."

बाळाने झोपेतच तिचं बोट धरलं, आणि सोडवून घ्यायला हेल्काला बराच वेळ लागला.

सोमवारी मेर्वी ऑफिसात आली तेव्हा हेल्का खुर्चीवर चढून भिंतीवर घंटी ठोकत होती. खाली इल्पो खुर्ची धरून उभा होता, आणि त्याच्या पडद्यावर आभाराचं बटण परत जोडायचं काम उघडं होतं.

"हा काय प्रकार?" मेर्वी म्हणाली. "काढलं होतं ना आपण?"

"ज्याला ते लागणार आहे, असं एक माणूस सापडलंय."

"नाव सांग."

हेल्काने नाव सांगितलं. मेर्वीने ते नाव त्या गुरुवारी पडद्यावर वाचलं होतं, आणि मेर्वी नावं विसरत नसे.

"अच्छा, सापडली ती?" ती म्हणाली. "मग तिलाच विचारायचं ना, यादीत नाव नसताना निरोप कसा पाठवला."

"विचारलं असतं," हेल्का स्क्रू पिळत म्हणाली. "पण ती अजून तीन महिन्यांचीसुद्धा नाही. लिहायला शिकली की पाठवेल. तोवर बटण जागेवर असायला हवं."

मेर्वीने इल्पोकडे पाहिलं. इल्पोने होकारार्थी मान डोलावली. तिने हातातला कॉफीचा मग खाली ठेवला आणि दुसरा स्क्रू उचलून हेल्काच्या हातावर ठेवला.